तीन औट साडेदहा

दिवाडी बेटाच्या कडेला, नार्व्याच्या धक्क्यावर उभे राहा. समोर मांडवीचं पात्र, पलीकडे डिचोली तालुका. दोन्ही काठांवरच्या गावांचं नाव नार्वेच. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ अलीकडच्या काठावर होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने ते पाडलं, तेव्हा भक्तांनी लिंग नदीपार हिंदळ्याला, म्हणजे पलीकडच्या नार्व्याला नेलं. शके 1590 च्या कार्तिकात, म्हणजे 1668 च्या नोव्हेंबरात, शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तिथे नव्या देवळाचं काम सुरू झालं. तसा शिलालेख त्या देवळात आजही आहे.

आजची फेरीबोट आपल्याला घ्यायची नाही. आपली होडी प्रत्येक खेपेला वेगळ्या सालात काठाला लागते. या नदीच्या दोन काठांवर माणसं मुलांना कशी शिकवत आली, एवढंच आपण बघणार आहोत.

पहिली खेप 1684 ची, आणि तिच्यासाठी होडीत बसावंही लागत नाही. तुम्ही दिवाडीवरच आहात. जून संपत आला आहे, नदी गढूळ आणि तुडुंब आहे, पलीकडच्या मुलखात संभाजी महाराज, मोगल आणि पोर्तुगीज यांच्या लढाया नुकत्याच होऊन गेल्या आहेत. चर्चबाहेर झापांच्या आडोशाला माणसं दाटीने उभी आहेत, तुम्हीही त्यांच्यात शिरता. व्हाइसरॉय, आल्व्होरचा काउंट, याने 27 जूनला काढलेला हुकूम वाचला जातो आहे. इथल्या लोकांनी आपली भाषा सोडायची आणि पोर्तुगीज बोलायची. मुदत तीन वर्षं. त्यानंतर व्यवहारात जुनी भाषा वापरेल त्याला शिक्षा.

तुमच्या शेजारच्या म्हातारीला वाचलेलं कळलेलं नाही. ती बाजूच्या तरुणाला विचारते, तो तिला समजावतो. हुकूम समजावा म्हणून तो कोकणीतच सांगावा लागतो आहे.

त्या तीन वर्षांच्या मुदतीकडे नीट बघा. शिकवणाऱ्याच्या उतावीळपणाचं याहून मोठं उदाहरण मला आपल्या भागात सापडत नाही. शिकणाऱ्याला काय येतं, काय येत नाही, तो घरी काय बोलतो, शिकून त्याला काय करायचं आहे, यातलं काहीच त्या कागदावर नाही. आहे ती फक्त तारीख आणि दंड. 1687 उजाडलं तेव्हा त्या म्हातारीच्या घरात कोकणीच बोलली जात होती. तीनशे वर्षांनी, 1987 मध्ये, तीच भाषा गोव्याची राजभाषा झाली.

याच सत्तेच्या छत्राखाली दुसऱ्या वृत्तीचा एक माणूसही होऊन गेला होता, हे सांगायलाच हवं. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात उतरला, साष्टीत राहिला आणि आधी स्वतःच शिकायला बसला. इथली बोली शिकला, मराठी शिकला, ओवी शिकला. त्याचं सुमारे अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं 1616 मध्ये, म्हणजे तो आल्यानंतर सदतीस वर्षांनी. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता आणि त्याबद्दल आपलं मत काहीही असो, ज्याला शिकवायचं त्याची भाषा शिकण्यात त्याने अर्धं आयुष्य घातलं. पुढे 1856 मध्ये पणजीत शिक्षक घडवणारी नॉर्मल शाळा उघडली, तेव्हा कुन्या रिवारा या पोर्तुगीज अधिकाऱ्यानेही मुलांना त्यांच्या मातृभाषेतून शिकवा असंच बजावलं होतं. ते फारसं कुणी ऐकलं नाही.

आता होडीत बसा.

काठाला लागताना 1912 धरा. हा काठ दिवाडीसारखा नव्हे. डिचोली पोर्तुगिजांच्या हाती आली 1781 मध्ये, देवळं पाडण्याचा काळ सरल्यानंतर, त्यामुळे इथे देऊळ राहिलं, जत्रा राहिली, पोथी राहिली आणि पोथीबरोबर मराठी अक्षरही राहिलं. दोन वर्षांपूर्वी लिस्बनमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं आहे आणि गोव्यातल्या हिंदूंना शाळा काढायला, नोकरीत शिरायला वाट मोकळी झाली आहे. पणजीत 1908 पासून मुष्टिफंडाची शाळा चालू आहे. फोंड्यातही माणसं शाळेसाठी एकत्र आली आहेत. ही शहरांची गोष्ट झाली. खेड्यात शिकवणारा एकच, शेणवीमामा. कुणा बऱ्या परिस्थितीच्या घरी त्याची राहण्याजेवण्याची सोय, वर थोडे पैसे, तांदूळ, सणाला नारळ. शाळा देवळाच्या आवारात किंवा कुणाच्या पडवीत.

तुम्ही अग्रशाळेच्या, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेच्या, ओसरीवर मागच्या भिंतीला टेकून बसा. जमीन शेणाने सारवलेली आहे, थंडगार. समोर पंधरावीस मुलगे, सगळ्यांत लहान पाचाचा, मोठा तेराचा. लहानांसमोर लाकडी फळी आणि तिच्यावर पसरलेली तांबडी धूळ. मामांनी धुळीत ओनामा काढून दिला आहे, मूल त्याच रेघांतून बोट फिरवतं आहे, पुन्हा, पुन्हा, रेघ मोडली की फळी हलवून धूळ सारखी करायची आणि पुन्हा. मोठे दोघे बोरूने मोडीचा कित्ता गिरवताहेत. मधले मोठ्याने पाढे म्हणताहेत. एकाच माणसासमोर चार-पाच इयत्तांचं काम पसरलेलं आहे, आणि त्या कलकलाटात मामा शांत बसलेले दिसतात.

तुमचं लक्ष कोपऱ्यातल्या सात-आठ वर्षांच्या मुलाकडे जातं, कारण मामांचंही तिकडेच गेलं आहे. औटकी चालली आहे, म्हणजे साडेतीनचा पाढा. एक औट साडेतीन. दोन औट सात. तीन औट म्हणून मुलगा थांबतो आणि मग घाईघाईने म्हणतो, ‘नऊ.’

बाकीची मुलं हसतात. मामा हसत नाहीत आणि बरोबर उत्तरही सांगत नाहीत. ते विचारतात, ‘नऊ खंयसून आले रे?’

मुलगा गप्प. तुम्हाला वाटतं, आता सांगून टाकावं साडेदहा आणि पुढे जावं. मामा गप्पच आहेत. बाहेर कुणीतरी झावळ्या ओढत नेतं आहे, त्याचा आवाज येऊन सरतो. शेवटी मुलगा खाली बघत पुटपुटतो की तीन त्रिक नऊ. आणि अर्धी? अर्धी म्हणजे पुरती नव्हेत, म्हणून ती त्याने सोडली.

इथे क्षणभर थांबा, कारण या ओसरीवर घडतं आहे ते मोलाचं आहे. मुलगा चुकला खरा, पण आंधळेपणाने चुकला नाही. त्याने एक हिशेब केला होता आणि तो हिशेब अर्ध्यापर्यंत बरोबर होता. मामांनी ‘साडेदहा’ म्हणून टाकलं असतं तर मुलाने ते पाठ केलं असतं आणि अर्ध्यांची अडचण त्याच्या डोक्यात तशीच राहिली असती. ती पुढे पावकीत अडली असती, सवायकीत अडली असती, मापाच्या हिशेबात अडली असती. शिकवण्यातला धीर मला इथे दिसतो. मऊ बोलणं किंवा न रागावणं ही स्वभावाची गोष्ट आहे. चूक कुठून आली हे कळेपर्यंत पुढे न जाणं, हे शिक्षकाचं काम आहे, आणि ते शिकता येतं.

मामा एका मोठ्या मुलाला देवळाच्या कोठीतून नारळ आणायला पाठवतात. तीन ओळी मांडल्या जातात. प्रत्येक ओळीत तीन अख्खे नारळ आणि एक भकल. मग मामा हात मागे घेतात. मुलगा अख्खे मोजतो, नऊ. भकलांकडे बघत राहतो. एक भकल उचलतो, दुसऱ्याच्या तोंडाला तोंड लावून बघतो आणि ती जोडी नवांच्या शेजारी नेऊन ठेवतो. एक भकल उरतं.

‘धा आनी अर्दो,’ तो म्हणतो.

‘साडेदहा,’ मामा म्हणतात आणि त्याच्याकडून पाढा पहिल्यापासून म्हणून घेतात. चार औट चौदाला तो अडत नाही, कारण आता त्याला दोन भकलांचा एक नारळ होतो हे ठाऊक आहे.

एवढ्यात ऊन खांबावरून ओसरीत उतरलं आहे. एका मुलाला इतका वेळ दिला म्हणजे तो बाकीच्यांकडून काढून घेतला, हेही खरं. मामांनी काय केलं ते तुम्ही बघितलंत: मोडी गिरवणाऱ्यातला एक जण मधेच उठून धूळपाटीवाल्यांची बोटं धरायला गेला होता. मोठ्याने लहानाला शिकवायचं ही आपल्या गावशाळांची जुनी रीत. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथालयात असलेल्या अँड्र्यू बेलने मुलांना वाळूत अक्षरं काढताना पाहिलं, ती रीत स्वतःच्या शाळेत उचलली, 1797 मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं, आणि इंग्लंडातल्या हजारो गरीब मुलांना पुढे त्याच पद्धतीने अक्षरं आली. धीर धरायला वेळ लागतो, आणि तो वेळ कुठूनतरी उभा करावा लागतो. या ओसरीवर तो मुलांनीच एकमेकांना दिला.

या ओसरीचं कौतुक करताना डोळे मात्र उघडे ठेवा. दुसऱ्या गावातल्या ओसरीवर गेलात तर छडी दिसेल, अंगठे धरून उभा केलेला मुलगा दिसेल, ‘साडेदहा’ खणखणीत म्हणणारा आणि नारळ समोर ठेवले तर गोंधळणारा मुलगा दिसेल. अशा शाळांत शिकलेल्या पिढीने मारही भरपूर खाल्ला आहे. आणि आता ओसरीच्या बाहेर बघा. पायरीखाली, अंगणाच्या कडेला एक मुलगी डोक्यावर पाला घेऊन उभी आहे आणि पाढा ऐकते आहे. ती मुंडकाराची, जमीनदाराच्या जागेत राहणाऱ्याची. तिला कुणी हाकलत नाही आणि आत ये असंही कुणी म्हणत नाही. मामांचा सगळा धीर पायरीच्या वरच्या मुलांसाठी आहे. तिच्या घरातलं कुणीतरी पायरी चढायला अजून पन्नासेक वर्षं जायची आहेत.

तिकडेच जाऊ. साल 1964. नदीत आता खनिजाने भरलेले बार्ज जाताना दिसतात, काठावर तांबडी धूळ आहे, पण ती फळीवर पसरायची धूळ नव्हे. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला. त्यानंतर बरोबर दोन वर्षं आणि एक दिवस झाल्यावर पेडण्यात जन्मलेले दयानंद बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले. 1961 च्या जनगणनेत इथली साक्षरता सुमारे 31 टक्के होती. बांदोडकरांच्या सरकारने वाड्यावाड्यावर मराठी प्राथमिक शाळा उघडायचा सपाटा लावला आहे. इमारतींची वाट बघत बसायला वेळ नाही, म्हणून शाळा देवळाच्या मंडपात, कुणाच्या पडवीत, मिळेल त्या खोलीत भरताहेत. शिक्षक पुरेसे नाहीत. पुष्कळसे सावंतवाडी, बेळगाव या बाजूंनी आले आहेत.

तुम्ही ज्या खोलीत शिरता तिथला मास्तर विशीतला आहे, घाटावरून आलेला. पहिलीच्या वर्गात सहा वर्षांची मुलं आहेत आणि बारा वर्षांचीही, कारण शाळाच आत्ता आली. मागच्या ओळीत दहाएक वर्षांची मुलगी आहे. पायरीखाली उभी होती तिची ती नात असं समजा. ही आत बसली आहे, पण जूनपासून वर्गात एक शब्द बोललेली नाही. मास्तर मराठीत विचारतो, ती मान खाली घालते. तिची भाषा कोकणी, त्याची भाषा कोल्हापूर-बेळगावकडची. त्याला ती मठ्ठ वाटावी अशी सगळी परिस्थिती आहे. तपासनीस येणार आहे, पटावर किती आणि वाचतात किती हे लिहून न्यायला.

तुम्ही महिनेच्या महिने एका सकाळीत बघू शकता, होडीने तेवढी सवलत दिली आहे. लावणीत मुलगी आठ-आठ दिवस गायब होते. मास्तर संध्याकाळी तिच्या घरी जाऊन बसतो, आईशी बोलायचा प्रयत्न करतो, निम्मं कळत नाही. फाल्गुनात काजू धरतात तेव्हा ती पुन्हा नाहीशी होते आणि पावसाच्या तोंडावर परत येते. आलेलं बरंचसं विसरलेली असते. मास्तर पटावरचं नाव काढत नाही आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करतो. त्याच काळात कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी शाळाच कुरणावर नेत होत्या. या मास्तराच्या कानावर ते आलं असेल असं नाही. काम करतानाच त्याला वाट सापडत गेली.

ती बोलते कधी? एके दिवशी मास्तर वर्गाला कोकणीतून काही सांगायला जातो आणि चुकतो. मागून हसू येतं. ती मान वर करून त्याला बरोबर कसं म्हणायचं ते सांगते, सगळ्या वर्गासमोर. मास्तर तिच्या मागून म्हणतो. तिला पटत नाही, ती पुन्हा म्हणून घेते. तिसऱ्यांदा त्याला जमतं. त्या दिवसापासून मुलगी वाचायला पुढे येऊ लागते. शिकवणारा माणूसही अडतो, त्यालाही दोनदा सांगावं लागतं, आणि त्याचं काही बिघडत नाही, हे तिने बघितलेलं असतं.

त्यानंतर काही वर्षांनी अमेरिकेत मेरी बड रो या संशोधिकेने वर्गावर्गांत बसून शिक्षकांचं थांबणं मोजलं. प्रश्न विचारल्यावर बहुतेक शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्या मुलाकडे वळतात किंवा स्वतःच उत्तर देतात, असं तिला आढळलं. तेच थांबणं तीन सेकंद किंवा थोडं जास्त केलं, तर उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येऊ लागली, ‘माहीत नाही’ कमी झालं, आणि ज्यांच्याकडून शिक्षकांनी अपेक्षा सोडली होती ती मुलं बोलू लागली. अग्रशाळेतली ती शांतता आठवा. तुम्हाला ती किती लांब वाटली होती, आणि ती खरंतर चारपाच श्वासांचीच होती.

होडी सोडून द्या. आता तुम्ही आजच्या नार्व्यात आहात. सप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार 2023 मध्ये पुरा झाला आणि बघायला बसगाड्या भरून माणसं येतात. 2011 च्या जनगणनेत गोव्याची साक्षरता 88 टक्क्यांच्या वर गेली होती. पन्नास वर्षांत 31 वरून इथवर येण्यामागे पडवीत बसून पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करणारे असे शेकडो मास्तर आणि बाई आहेत. त्यांची नावं कुठल्या दगडावर नाहीत. त्यांनी शिकवलं त्या खेड्यांतल्या मराठी प्राथमिक शाळा मात्र पट घसरल्याने एकेक करून बंद पडल्या आहेत, आणि उरलेल्यांत कितीतरी ठिकाणी एकच शिक्षक चार वर्ग सांभाळतो, तेही निवडणुकीची, सर्वेक्षणाची, माहिती भरायची कामं करून.

म्हणून शिक्षकांना धीर धरा असा उपदेश करायला माझी जीभ रेटत नाही. धीराला लागणारा वेळ आपण त्यांच्याकडून काढून घेतला आहे. महिनाअखेर इतका भाग संपला पाहिजे, चाचणीचे गुण अमुक दिवसात भरले पाहिजेत, मुलाचं वाचन दोन महिन्यांत दिसलं पाहिजे. हे सगळं लिहिणाऱ्यांचा हेतू चांगलाच असेल, पण त्या कागदांवरही पुन्हा तारखाच आहेत. कोपऱ्यातलं मूल ‘नऊ’ म्हणालं तर ते नऊ कुठून आले हे विचारायला शिक्षकाला दिवसातून थोडा मोकळा वेळ द्या, ही मागणी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत करता येते. पालक म्हणून ती करायचा तुम्हाला हक्क आहे, आणि ती करणारे पालक आज थोडे आहेत.

येत्या जूनमध्ये तुमचं मूल पहिलीत जाणार असेल तर चवथीपर्यंत गुण विचारू नका. बाईंना भेटा आणि विचारा, आमचं पोर कुठे अडतं आणि तुम्हाला काय वाटतं, का अडतं? त्या सांगत असतील तेव्हा मधे बोलू नका.